नळाचे पाणी मागे का फिरते?

"पाणी शुद्ध करूनच सोडतात ना? मग सकाळी पाणी आल्यावर पहिली कळशी गढूळ का निघते?" आमच्या रायगड जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रावर असतो. तिथे औषध कमी टाकले असेल, गाळण्या धुतल्या नसतील, कोणी तरी कामात कुचराई केली असेल, असे त्याला वाटते. कधीकधी ते खरेही असते. पण बऱ्याचदा केंद्रातून निघालेले पाणी चोख असते आणि ते बिघडते वाटेत. त्याहूनही नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, बिघडवणारी घाण कधीकधी नळाच्याच तोंडातून, म्हणजे ज्या टोकाने पाणी बाहेर यायचे त्याच टोकाने, आत शिरते. या प्रकरणात आपण हा उलटा प्रवास समजून घेणार आहोत.

१. जिते येथे काय होते?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर, आपटा आणि हमरापूर या स्थानकांच्या मधे जिते लागते. पेण तालुक्यातल्या या गावात सिडकोच्या हेटवणे योजनेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. भोगेश्वरी नदीवरच्या हेटवणे धरणातले पाणी इथे येते, शुद्ध होते आणि खारघर, उलवे, द्रोणागिरी अशा नवी मुंबईच्या भागांकडे जाते. दिवसाला १५ कोटी लिटर ही या केंद्राची क्षमता. ती २७ कोटी लिटरपर्यंत नेण्याचे आणि त्यासाठी जिते ते वहाळ असा बोगदा खोदण्याचे काम सिडकोने हाती घेतले आहे.

अशा केंद्रात पाण्यावर काय संस्कार होतात ते थोडक्यात पाहू. आधी पाण्याला हवा देतात, म्हणजे त्यातले वायू आणि वास निघून जातात. मग तुरटी घालून ढवळतात. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी क्लोरीन देतात. क्लोरीन जंतू मारतो आणि थोडा पाण्यात शिल्लकही राहतो. लहान गावाच्या योजनेत हेच काम विहिरीवर किंवा टाकीवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकून उरकले जाते.

इथपर्यंतचे सगळे नियंत्रण मोजक्या माणसांच्या हाती असते. त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते, वहीत नोंदी असतात. मात्र पाणी एकदा जलवाहिनीत शिरले की त्याच्या वाटेवर हजारो नळ, शेकडो जोड आणि असंख्य माणसे येतात. पुढची राखण या सगळ्यांवर असते आणि ती कशी करायची हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माझ्या मते सार्वजनिक पाणीपुरवठ्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

२. आधी दाब समजून घेऊ

पाणी नळातून बाहेर का येते? कारण पाइपच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असतो. हा दाब मोजण्याची गावकी रीत अगदी सोपी आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितके मीटर दाब. जलकुंभातले पाणी जमिनीपासून १५ मीटर उंच असेल, तर जमिनीलगतच्या नळाशी, पाणी स्थिर असताना, १५ मीटर दाब मिळतो. प्लंबर ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतो ते सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याइतके असते.

पाणी वाहू लागले की ते पाइपच्या भिंतींना घासते आणि दाब वाटेत खर्च होतो. पाइप जितका अरुंद, लांब आणि गंजलेला, तितका खर्च जास्त. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ उघडले की टाकीजवळच्या आळीत धो धो पाणी येते आणि शेवटच्या वाडीत करंगळीएवढी धार. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठाविषयक मार्गदर्शक नियमावलीत एकमजली वस्तीसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब शिल्लक राहावा असे म्हटले होते.

दाबाचे काम पाणी पोचवण्यापुरते नाही. भरलेल्या, दाबाखालच्या पाइपला कुठे चीर असेल, तर पाणी बाहेर पडते. पाणी वाया जाते हे खरे, पण बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. दाब हाच पाइपचा पहारेकरी असतो. तो गेला की तीच चीर घाणीला वाट करून देते. पाणी मागे फिरण्याचे दोन प्रकार आहेत, एक ओढीचा आणि दुसरा रेट्याचा. दोन्ही या दाबातूनच निघतात.

३. पहिला प्रकार : ओढ

मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढताना मेकॅनिक रबरी नळीचे एक टोक टाकीत बुडवतो, दुसरे तोंडात धरून जोराने ओढतो आणि चटकन खाली सोडतो. पुढे पेट्रोल आपले आपण वाहत राहते, टाकीच्या काठावरून वर चढून पलीकडे उतरते. नळी आत बुडालेली आहे आणि तिचे दुसरे टोक खालच्या पातळीवर आहे, एवढेच त्याला पुरते. जलवाहिनीत पाणी मागे ओढले जाते तेव्हा नेमके हेच घडते. फरक इतकाच की ओढणारे तोंड सगळ्या गावाची जलवाहिनी असते.

आता हे प्रत्यक्ष पाहू. जिते स्थानकापुढचे हमरापूर, तिथून जवळच जोहे, हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. उन्हाळ्यापासूनच इथे साचे भरले जातात. एखाद्या कारखान्याच्या पडवीत दोनशे लिटरचे पिंप असते. नळाला हिरवी नळी लावलेली असते आणि तिचे टोक पिंपात सोडलेले असते. कारागिराचे हात मातीने किंवा पीओपीने भरलेले, त्यामुळे नळी दर वेळी धरून ठेवायला कोणी मोकळे नसते. ती पिंपात खोल गेलेली असते. वर तरंगणारी पांढरी साय तिच्या तोंडाभोवती सुकून कडा धरते. पिंपात ब्रश बुडतात, भांडी विसळली जातात, हात धुतले जातात. नळ उघडाच असतो, कारण पाणी कधी येईल याचा नेम नाही. आले की पिंप आपोआप भरावे, एवढाच साधा हेतू.

वेळ संपते आणि पाणी सोडणारा टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करतो. जलवाहिनीत अजून पाणी आहे. गावाच्या सखल भागातले लोक नळ चालू ठेवून ते उरलेले पाणी भरून घेतात. खालून पाणी निघू लागले की वरच्या भागातल्या पाइपमध्ये पोकळी तयार होते. पोकळी भरायला हवा हवी. ती जिथे मिळेल तिथून आत येते, मोकळ्या नळातून आली तर फारसे बिघडत नाही. पण आपल्या कारखान्यातल्या नळाचे तोंड पाण्यात बुडालेले आहे. तिथून हवेऐवजी पिंपातले पाणी आत जाते.

हिशेब करून पाहा. अर्धा इंची, २० मीटर लांब नळीत जेमतेम अडीच लिटर पाणी मावते. ओढीने मिनिटाला पाच लिटर पाणी जात आहे असे धरले, तर अर्ध्या मिनिटातच पिंपातले पाणी नळीची लांबी ओलांडून घराच्या पाइपात शिरेल. चाळीस मिनिटांत दोनशे लिटरचे पिंप रिकामे होईल. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर ते सगळ्यात आधी शेजाऱ्यांच्या कळशीत येईल. पिंपात माती असेल तर पाणी गढूळ दिसेल आणि कोणी तरी बोलेल तरी. आंब्याच्या बागेसाठी कालवलेले फवारणीचे औषध असेल तर? गोठ्यातली दावणीजवळची डोण असेल तर? पाणी दिसायला स्वच्छही असू शकेल.

व्हॉल्व्ह बंद होणे हे दाब जाण्याचे एक कारण झाले. मुख्य वाहिनी फुटली, वीज जाऊन पंप थांबले, एखाद्या टोकाला अग्निशमन बंबाने भरमसाट पाणी उचलले, तरी असेच होते. बंबाचे उदाहरण जगभरच्या पाणीपुरवठा अभियंत्यांना शिकवले जाते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचे शहर आहे. १९६९ च्या ऑगस्टअखेर तिथल्या होली क्रॉस महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सराव करत होता. मैदानाजवळच्या नळावर खेळाडू पाणी पीत होते. त्याच पाइपवर पुढे मैदानाला पाणी देणारे फवारे होते, जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेले. त्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात आजूबाजूची मुले खेळत आणि त्यांच्यापैकी काहींना संसर्गजन्य कावीळ झाली होती. जवळच आग लागली, बंबांनी पाणी उचलले, पाइपमधला दाब गेला आणि खड्ड्यांतले पाणी पिण्याच्या पाइपमध्ये ओढले गेले. काही आठवड्यांनी खेळाडू एकामागून एक आजारी पडू लागले. तपासणीत ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाल्याचे निघाले आणि दोन सामन्यांनंतर संघाला त्या वर्षीचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला. शहराचे पाणी चांगले होते. दोष होता पाण्याखाली बुडालेल्या एका तोंडात.

४. दुसरा प्रकार : रेटा

इथे जलवाहिनीत दाब असतो, पण पलीकडे त्याहून जास्त दाब असतो. जास्त दाबाचे पाणी कमी दाबाकडे जाणारच.

आपल्याकडे याचे सर्वांत सरसकट उदाहरण म्हणजे बोअरवेल. नळाचे पाणी दिवसाआड, म्हणून घरमालक बोअर मारतो. दोन्ही पाणी एकाच पाइपने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, म्हणजे पाइपचा खर्च वाचतो. प्लंबर दोन्ही लाइन टी लावून जोडतो आणि मधे एक कॉक बसवतो. "बोअर चालू करताना हा बंद करा," असे सांगून तो जातो. बोअरचा पंप समजा ३० मीटर दाबाने पाणी रेटतो आहे आणि जलवाहिनीत दाब आहे ४ मीटर. कॉक बंद करायचा राहिला, किंवा झिजल्यामुळे नीट बंद झाला नाही, तर बोअरचे पाणी गावाच्या वाहिनीत घुसते. खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या सखल पट्ट्यात, ते मचूळ किंवा खारट असू शकते, शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळचे असेल तर त्याहून वाईट. तुमच्या नळाला अवेळी, व्हॉल्व्ह सुटलेला नसताना पाणी आले, तर ते देवाची कृपा समजून भरू नका. ते कुणाच्या तरी बोअरचे असण्याची दाट शक्यता आहे.

मोटार नसतानाही रेटा तयार होतो. एक उदाहरण घेऊ. गावचा जलकुंभ १५ मीटर उंच. शेवटच्या वाडीत एकाने गच्चीवर टाकी बसवली, तिच्यातली पातळी ७ मीटरवर. टाकीत पाणी चढणारा आणि टाकीतून घरात उतरणारा पाइप एकच, टाकीच्या तळाला जोडलेला. रात्री गावातले नळ बंद असतात, वाहिनीत जवळजवळ पूर्ण १५ मीटर दाब मिळतो, टाकी भरते. सकाळी सगळे नळ उघडतात, ११ मीटर दाब वाटेत खर्च होतो आणि वाडीशी ४ मीटर उरतो. आता टाकीत ७, वाहिनीत ४. टाकीतले पाणी खाली उतरून गावाच्या वाहिनीत जाते. टाकीवर झाकण नसेल, आत शेवाळ आणि कबुतराची पिसे असतील, तर तेही शेजाऱ्यांच्या वाट्याला येते. घरमालकाला याचा पत्ताही नसतो. टाकी लवकर रिकामी होते, एवढीच त्याची तक्रार असते.

कारखान्यांत धोका आणखी मोठा. याच रेल्वेमार्गाच्या टोकाला रोहे तालुक्यात धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. कोणत्याही रासायनिक कारखान्यात बॉयलर, थंड पाणी फिरवणारे पंप आणि प्रक्रियेची भांडी शहराच्या वाहिनीपेक्षा कितीतरी जास्त दाबाने चालतात. अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्याची वाहिनी यंत्राला थेट जोडणे गुन्ह्याइतके गंभीर मानले पाहिजे.

५. चिरा, गटारे आणि टुल्लू पंप

वरच्या दोन्ही प्रकारांत कोणी तरी नळी बुडवलेली किंवा जोड दिलेला असतो. पण खंडित पुरवठ्यात असा जोड नसतानाही पाणी बिघडते. दिवसातून एक तास पाणी येत असेल, तर उरलेले तेवीस तास वाहिनी अर्धवट रिकामी आणि दाबाविना पडून असते. आपल्या घरगुती जोडण्या बहुधा गटार ओलांडून येतात. लोखंडी पाइप गटारातच सडतो, प्लास्टिकचा जोड ढिला होतो. पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात जमीन पाण्याने भरून येते, उधाणाला खाडीचे पाणी चढते आणि पाइप कित्येक दिवस साचलेल्या पाण्यात राहतो. आत दाब नाही, बाहेर पाणी उभे. ते चिरेतून आत झिरपते. सकाळची पहिली गढूळ कळशी बहुतेकदा अशी भरते.

त्यात टुल्लू पंपाची भर. धार बारीक, म्हणून माणूस नळालाच मोटार लावतो. मोटार आपल्या पाइपमधला दाब हवेच्या दाबाच्याही खाली नेते. म्हणजे पाणी सुटलेले असतानाही त्या घराच्या जोडणीत पोकळी तयार होते आणि तिच्यावरची चीर गटारातले पाणी शोषते. मोटार लावणारा शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतो हे सगळ्यांना कळते, त्यावरून भांडणेही होतात. तो गटारही ओढतो आणि सगळ्यात आधी ते त्याच्याच घरात येते, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिका मोटारी जप्त करतात ती कारवाई योग्यच आहे. पण शेवटच्या वाडीला पुरेसा दाब न देता केवळ जप्ती करत राहणे मला न्याय्य वाटत नाही. तहानलेला माणूस मोटार परत लावणारच.

खंडित आणि अखंड पुरवठ्यात किती फरक पडतो, याचा चांगला अभ्यास आपल्या शेजारच्या राज्यात झाला आहे. कर्नाटकात बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या भागांतले नळाचे पाणी तपासले. खंडित पुरवठ्याच्या भागात सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू सापडले. अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. शहर तेच, शुद्धीकरणही तसेच. फरक होता पाइप सतत भरलेला असण्याचा. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास मीटरने पाणी देऊन दाखवले आहे, तेव्हा लहान गावांना हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही.

वाहिनी कुठून न्यावी याचाही नियम आहे. पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि गटार किंवा मलवाहिनी यांच्यात आडवे किमान ३ मीटर अंतर हवे. एकमेकींना छेदून जायचेच असेल, तर पाण्याची वाहिनी वर आणि दोन्हींत किमान अर्धा मीटर अंतर. अरुंद आळ्यांत ३ मीटर कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. निदान जोडणीचा पाइप गटाराच्या आतून न नेता वरून, अखंड लोखंडी नळकांड्यात घालून नेता येतो.

६. क्लोरीन आहे ना?

क्लोरीन पाण्यात शिल्लक असतो, मग तो वाटेत शिरलेले जंतू मारत नाही का? थोडेफार मारतो. पण त्याची ताकद किती ते पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. म्हणजे ०.२ च्या हिशेबाने हजार लिटरच्या टाकीत मिळून ग्रॅमचा पाचवा हिस्सा. गटाराचे बादलीभर पाणी त्यात शिरले, तर त्यातली सेंद्रिय घाणच हा क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी काही उरत नाही. आणि कीटकनाशकावर किंवा कारखान्यातल्या रसायनावर क्लोरीनचा भरवसा ठेवता येत नाही.

शिल्लक क्लोरीनचा खरा उपयोग इशारा म्हणून. गावात जलसुरक्षक किंवा आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात. छोट्या नळकांड्यात पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. टाकीजवळच्या नळाला रंग येतो आणि एका ठरावीक आळीत कधीच येत नाही, तर त्या आळीत काही तरी क्लोरीन खात आहे. तिथे गळती, बोअरचा जोड किंवा बुडालेली नळी शोधावी. टेस्ट नेहमी टाकीखालच्याच नळावर करून वही भरली, तर हा इशारा मिळत नाही. शेवटच्या नळावर करा, तीही पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत.

७. केंद्राच्या कुंपणाच्या आत

मागे फिरणारे पाणी फक्त खेड्यातल्या जोडण्यांचा दोष आहे असे समजू नये. फिनलंडसारख्या देशात, नोकिया या गावी, २००७ च्या नोव्हेंबरअखेर काय झाले ते ऐका. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी एका जोडाने जोडलेल्या होत्या. मधे एक व्हॉल्व्ह होता. तो उघडला गेला आणि उघडाच राहिला. सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी गावाच्या पिण्याच्या वाहिनीत गेले आणि आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्याच्याही आधी, १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. आमांशाचे सुमारे १,४०० रुग्ण झाले आणि ९८ माणसे दगावली. पाहुणे गावोगावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे उगम शोधायलाही वेळ लागला.

नोकियाच्या व्हॉल्व्हला मी महत्त्व देतो. तो बसवणाऱ्यालाही वाटले असेल की मधे व्हॉल्व्ह आहे, काळजीचे कारण नाही.

८. चार बोटे हवा

आता उपाय. सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे : नळाचे तोंड आणि खालच्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांच्यात मोकळी हवा ठेवायची. किती? नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काहीही झाले तरी एक इंचापेक्षा कमी नाही. अर्धा इंची नळाला एक इंच पुरतो. मी चार बोटे म्हणतो, कारण मोजपट्टी नसली तरी हात असतो. पाइपमध्ये कितीही ओढ तयार झाली, तरी हवा ओढली जाईल, पाणी नाही. या उपायात गंजणारे, झिजणारे, अडकणारे काहीच नाही.

पिंप असो, गोठ्यातली डोण असो वा जमिनीखालची टाकी, नियम हाच. टाकीत पाणी आणणारा पाइप वरून यावा आणि सांडव्याच्या, म्हणजे ओव्हरफ्लोच्या, पातळीच्या वर संपावा. तळातून जोडलेला पाइप नको. नळी लावायचीच असेल, तर पिंपाच्या काठाला लोखंडी आकडा लावून ती त्यात अडकवा, तिचे तोंड काठाच्या वर राहील. न्हाणीघरातल्या हातनळीचे तोंड बादलीत टाकून ठेवू नका. फवारणीचे औषध कालवताना आधी घागरीने पाणी घ्या आणि मग औषध टाका, नळ थेट त्या पिंपात सोडू नका.

कारखान्याला किंवा मोठ्या इमारतीला पंप लावल्यावाचून गत्यंतर नसते. तिथे मधे एक टाकी ठेवावी. नगरपालिकेचे पाणी वरून, हवेतून त्या टाकीत पडावे आणि पुढचा पंप त्या टाकीतून उचलावा. मग पंप कितीही रेटा देवो, वाहिनीपर्यंत तो पोचत नाही. घरीही मोटार लावायची तर अशीच लावावी, नळाला नको, आपल्या साठवण टाकीला.

बाजारात पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळतात. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतो. आत एक झडप असते, पाणी पुढे जाताना उघडते आणि मागे येऊ लागले की मिटते. जादा काळजी म्हणून तो जरूर बसवावा. पण त्याच्यावर विसंबू नये. आपल्या पाण्यात रेती आणि गंजाचे कण असतात, झडपेखाली एक खडा अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली आहे : शुद्ध आणि अशुद्ध पाण्याच्या पाइपांत जोड असताच कामा नये, आणि मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा सील केलेला कॉक बसवला म्हणून तो जोड चालवून घेता येणार नाही. बोअर आणि नळ यांच्या दोन वेगळ्या लाइन, दोन वेगळ्या टाक्या, हाच त्यावरचा मार्ग. फार तर एकाच टाकीत दोन्ही पाइप वरून वेगवेगळे सोडावेत आणि ती टाकी पिण्यासाठी वापरू नये.

९. संशय आला तर

मुख्य वाहिनीची मोठी दुरुस्ती झाल्यावर मुंबई महापालिका काही दिवस पाणी गाळून, उकळून प्यायचे आवाहन करते. कारण आता तुमच्या लक्षात आले असेल : दुरुस्तीच्या वेळी वाहिनीत दाब नव्हता. गावातही तेच पाळा. दुरुस्तीनंतर आणि पुष्कळ दिवसांनी पाणी आल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका, झाडांना किंवा धुण्याला वापरा. पाणी अवेळी आले, खारट लागले, औषधाचा किंवा गटाराचा वास आला, एकाच आळीत जुलाब किंवा कावीळ दिसू लागली, तर उकळून प्या. पण रसायनाचा संशय असेल तर उकळण्याचा उपयोग नाही, ते पाणी वापरूच नका. दोन्ही वेळा ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. वाट पाहिली तर वाहिनीतले पाणी बदलते आणि उगम सापडत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे जोडण्या झपाट्याने वाढल्या. माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्येक नवी जोडणी सोयीची आहे आणि प्रत्येक नवे तोंड पाण्यात बुडण्याची शक्यताही आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. गावातल्या कोणत्या जोडण्या गटारातून जातात याची यादी. बोअर आणि नळ जोडलेल्या घरांची तपासणी, दंड न करता, आधी दुरुस्तीची मुदत देऊन. आणि ओटी टेस्ट दर आठवड्याला शेवटच्या वाडीतल्या नळावर. तिन्हींना फारसा निधी लागत नाही. तुमची मागणी इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.